थंडीच्या पोटातली ऊब: ध्रुवीय समुद्रात ग्लायडर कसा चालवायचा

अंटार्क्टिकाच्या अमुंडसेन समुद्रात उन्हाळ्यात तापमापक खाली सोडत गेलं की आकडे उलटे चालू लागतात. वरचं पाणी शून्याच्या खाली. शंभर-दोनशे मीटरवर उणे १.८, म्हणजे समुद्राचं पाणी गोठतं त्याच्या उंबरठ्यावर. आता आणखी थंड लागणार असं वाटत असतानाच पारा वर चढतो, आणि सहा-सातशे मीटरवर अधिक १ अंश दिसतो. गोठणबिंदूजवळ पाण्याचं जडपण तापमानापेक्षा मीठच ठरवतं. वरचं पाणी थंडगार असलं तरी वितळलेल्या बर्फामुळे कमी खारं, म्हणून हलकं. खालचं कोमट, पण जास्त खारं, म्हणून जड. ऊब तळाशी दबा धरून बसते ती यामुळे.

१ अंशाला ऊब म्हणायचं म्हणजे थट्टाच वाटेल. पण दाब वाढला की गोठणबिंदू आणखी खाली सरकतो, दर हजार मीटरला सुमारे पाऊण अंश. म्हणजे सातशे मीटर खोलीवरचं ते पाणी तिथल्या गोठणबिंदूपेक्षा तीन अंशांहून अधिक गरम असतं. असं एक घनमीटर पाणी तीन अंशांनी निवलं, तर त्या उष्णतेत साधारण ३६ किलो बर्फ वितळू शकतो. समुद्रावर तरंगणारी हिमनद्यांची जाड टोकं, ज्यांना आइस शेल्फ म्हणतात, खालून झिजतात ती याच पाण्यानं.

हे पाणी कुठून आत येतं, किती येतं, वर्षागणिक वाढतंय का, हे मोजायला जहाज उन्हाळ्यातले काही आठवडेच मिळतं. आर्गो फ्लोट, म्हणजे पाण्यात खाली-वर होत मोजणी करणारी तरंगती यंत्रं, सहसा दहा दिवसांनी एकदा वर येतात आणि प्रवाह नेईल तिकडे जातात. डोक्यावर सेन्सर चिकटवलेले सील बहुमोल माहिती आणतात, पण ते स्वतःच्या पोटापाण्याच्या वाटेनं फिरतात. सांगितलेल्या रेषेवर महिनोन्‌महिने मुकाट ये-जा करणारं यंत्र म्हणजे ग्लायडर. तो ध्रुवीय पाण्यात कसा चालवायचा, त्याची ही वाट. तिच्यात मीठ पावलोपावली आडवं येतं, हे आधीच सांगून ठेवतो.

यंत्र चालतं कसं

याला पुढे ढकलणारा पंखा नसतो. आतल्या पिशवीतलं तेल पंपानं बाहेरच्या पिशवीत ढकललं की यंत्राचं आकारमान वाढतं, वजन तेवढंच राहतं, आणि ते वर येऊ लागतं. तेल परत आत घेतलं की बुडतं. उथळ पाण्यासाठीच्या काही ग्लायडरांत तेलाऐवजी दट्ट्यानं समुद्राचंच पाणी आत-बाहेर केलं जातं. दोन बाजूंचे छोटे पंख त्या चढउताराचं पुढच्या गतीत रूपांतर करतात, आणि बॅटरीचा गठ्ठा पुढेमागे सरकवून नाक खाली-वर करतात. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९८९ मध्ये अशा यंत्रांच्या ताफ्याचं चित्र रंगवलं, तेव्हा ते स्वप्नच होतं. अभियंता डग वेब यांनी घडवलेल्या ग्लायडरला, एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकम यांचं नाव मिळालं. २००९ मध्ये रट्गर्स विद्यापीठाचा असाच एक ग्लायडर २२१ दिवसांत अटलांटिक ओलांडून स्पेनला पोहोचला.

वेग मात्र जेमतेम. सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या आसपास पुढे, १० सेंटिमीटर खाली किंवा वर. हजार मीटरची एक बुडी साडेपाच तास घेते आणि पाचेक किलोमीटर पुढे नेते. दिवसाला वीस किलोमीटर धरा. पुढचं सगळं नियोजन या आकड्यावर बेतायचं.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

‘ध्रुवीय समुद्र तापतोय का?’ हा ग्लायडरला विचारायचा प्रश्न नाही. त्याला असं विचारा: या अमुक दरीतून खोल समुद्रातलं कोमट पाणी भूखंडमंचावर, म्हणजे खंडाच्या काठच्या उथळ समुद्रतळावर, चढतं का, दरीच्या कुठल्या काठानं चढतं, आणि जाताना किती निवलेलं असतं? अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या पामर स्टेशनवरून चालणारे ग्लायडर असल्याच दऱ्यांचे उंबरठे धुंडाळतात. उत्तरेकडे ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधली फ्राम सामुद्रधुनी घ्या. तिथे अटलांटिकचं कोमट पाणी आर्क्टिकमध्ये शिरतं, तेव्हा त्या प्रवाहाला आडवी रेषा मारणं हा सरळ, उत्तर मिळेल असा प्रश्न झाला.

रेषा आखताना लांबीचा मोह सुटत नाही. नकाशावर तीनशे किलोमीटरची रेघ देखणी दिसते, पण ती पुरी व्हायला पंधरवडा लागतो. दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाचं पाणी बदललेलं असतं. शिवाय ध्रुवाजवळच्या भूखंडमंचावर भोवरे आणि प्रवाह फार अरुंद असतात, पाच-दहा किलोमीटरचे. दोन मोजण्यांमधलं अंतर त्याहून बरंच कमी हवं. पाचशे मीटर खोलीत एक बुडी अडीचेक किलोमीटरवर पडते, ते चालतं. माझं मत विचाराल तर ऐंशी-शंभर किलोमीटरची एकच रेषा घ्या आणि तीच पुन्हापुन्हा कापा. सातव्यांदा कापल्यावर पहिल्या फेरीत काय योगायोग होता ते कळतं.

आणि प्रवाह आधी तपासा. पाणीच सेकंदाला ३० सेंटिमीटरनं वाहत असेल तर ग्लायडर त्याच्या उलट्या दिशेला जाणार नाही. नाक पुढे, पण सरकतोय मागे. असा पट्टा तिरका कापायचा किंवा ग्लायडर प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडायचा.

दुसरी पायरी: सेन्सर आणि बॅटरी

स्लोकम, सीग्लायडर, स्प्रे, सीएक्सप्लोरर या ग्लायडरच्या जातींतलं जे हाताशी आहे आणि ज्याची दुरुस्ती तुमच्या लोकांना येते, ते घ्या. वाहकता, तापमान आणि दाब मोजणारा सीटीडी तर हवाच. त्याच्या जोडीला एकच सेन्सर घेता येणार असेल तर मी ऑक्सिजनचा घेईन. खोलवरच्या कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. त्यात हिमनदीचं वितळलेलं पाणी मिसळलं की तापमान, क्षारता आणि ऑक्सिजन या तिघांचं नातं वेगळ्याच रेषेवर जातं, आणि वितळपाणी ओळखू येतं. हरितद्रव्याचा सेन्सर जीवशास्त्रवाल्यांना हवा असतो. खळबळ मोजणारा तर रत्नासारखा, पण बॅटरी आणि मेमरी दोन्ही खातो.

बॅटरी लिथियमची घेतली तर मोहीम महिनोन्‌महिने टिकते, पण ती धोकादायक मालात मोडते. विमानानं पाठवायची कागदपत्रं वेळेवर झाली नाहीत तर जहाज बंदरातून निघून जातं आणि बॅटऱ्या गोदामात राहतात. आणि थंडीत बॅटरीची कुवत घटते, तेव्हा कंपनीचा आकडा तसाच धरून दिवस मोजू नका.

तिसरी पायरी: तोल, आणि इथे घाई नको

ध्रुवीय मोहिमा समुद्रात पडण्याआधीच बिघडतात त्या बहुधा इथे. ग्लायडरचं आकारमान साधारण ५० लिटर धरू. पाण्याची घनता घनमीटरला १ किलोनं वाढली की हा ग्लायडर ५० ग्रॅमनं हलका होतो. आता हिमनदीच्या तोंडाशी वरचं पाणी १०२५ आणि दाबाचा परिणाम वगळून खालचं १०२७.८ असेल, तर फरक १४० ग्रॅमचा. पंपाच्या एकूण ताकदीतला मोठा वाटा या फरकातच गेला.

दुसरा हिशेब नवखे विसरतात. तोल जोखायची टाकी खोलीत असते, पाणी २० अंशांचं. समुद्र शून्याचा. ॲल्युमिनियमचं कवच २० अंशांनी निवलं की आकसतं, आणि ५० लिटरमागे हा आकस सुमारे ७० घनसेंटिमीटर भरतो. म्हणजे टाकीत नेमका तोललेला ग्लायडर समुद्रात ७० ग्रॅमनं जड. कार्बन फायबरचं कवच इतकं आकसत नाही, म्हणून कुठलं कवच आहे ते पाहूनच आकडा मांडायचा.

टाकीत काम करायचं ते असं. ग्लायडर पूर्ण जुळवलेला हवा, बॅटऱ्या आत, पंख लावलेले. पाण्यात सोडल्यावर तासभर राहू द्या, म्हणजे कवच पाण्याच्या तापमानाला येतं. मग बाहेरच्या आवरणाखाली हात घालून बुडबुडे काढा, शेपटीकडून नाकाकडे आणि पुन्हा उलटं. अडकलेल्या हवेचा एक घनसेंटिमीटर म्हणजे एक ग्रॅमची चूक, आणि हवा कोपऱ्यांत मुठीनं अडकते. त्यानंतर पाण्यात लटकवून वजन घ्या, टाकीच्या पाण्याचं तापमान आणि क्षारता त्याच क्षणी लिहा. लक्ष्य समुद्राची घनता, कवचाचं आकसणं, दोन्ही लावून किती वजन घालायचं ते काढा. शिशाचे तुकडे पुढे आणि मागे वाटून ठेवा, नाहीतर तोल जमेल पण नाक खाली झुकेल. मग कवच बंद करून पुन्हा वजन घ्या. दोनदा वेगळा आकडा आला तर तिसऱ्यांदा.

लक्ष्य घनता कुठली धरायची? सर्वांत हलकं पाणी जे वाटेत भेटू शकतं, ते. कारण हलक्या पाण्याच्या थरात ग्लायडर जड ठरला तर तो पृष्ठभागाच्या जरा खालीच अडून राहतो, अँटेना पाण्याबाहेर येत नाही, आणि किनाऱ्यावर तुम्ही गप्प फोनकडे बघत बसता. उलट थोडा हलका झाला तर बुडताना वेग कमी पडेल, एवढंच. सेटिंग बदलून ते बरंचसं सावरता येतं. तेव्हा चूक करायचीच असेल तर हलक्या बाजूला करा. मात्र तळच्या जड पाण्यातही तो खाली जाईल ना, हे गणित करून ठेवा.

चौथी पायरी: डेकवर

होकायंत्राची जुळणी बॅटऱ्या घातल्यानंतर करायची, आधी नाही. बॅटरीचं धातूचं आवरण आणि तिच्यातली वीज सुईला ओढतात. चुंबकीय ध्रुवाजवळ पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग दुबळा होतो, त्यामुळे इतरत्र खपून गेलेली चूक इथे दिशाच चुकवते. जहाजाच्या लोखंडी डेकवर ही जुळणी करण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावर मोकळ्या जागी करा, आणि समुद्रात सोडल्यावर गोल फिरवून पुन्हा पडताळा.

मग आतली हवा काढून निर्वात किती टिकतो ते रात्रभर पाहा. गळती असेल तर ती इथे कळायला हवी. उघड्यावर ठेवून जीपीएस आणि इरिडियमचा फोन लागतो का ते बघा. इरिडियमचे उपग्रह ध्रुवांवरूनच फिरतात, त्यामुळे इथे संपर्काची तक्रार सहसा नसते.

एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी. ओला ग्लायडर शून्याखालच्या हवेत डेकवर ठेवू नका. वाहकता मोजणारी नळी काचेची आहे. आत राहिलेलं पाणी गोठलं की काच तडकते, आणि वरून काहीच दिसत नाही. क्षारतेचे आकडे तेवढे बिघडतात.

पाचवी पायरी: सोडणं

सोडण्याच्या जागी जहाजाचा स्वतःचा सीटीडी आधी खाली सोडा. ग्लायडरचे आकडे बरोबर आहेत का, हे पुढे सहा महिने त्या एका मोजणीवर ठरणार असतं. जहाजाच्या माणसांना घाई असते, तरी हा तास सोडू नका.

पहिली बुडी तीस मीटरची. वर आला, फाइल पाहिली, उतार-चढाचा वेग सारखा आहे का ते बघितलं, मग शंभर मीटर, मग पूर्ण खोली. जहाज नजरेआड जायच्या आत हे सगळं व्हायला हवं. उतरण्याचा आणि चढण्याचा वेग सारखा नसेल तर तोल एका बाजूला गेलाय. तो आत्ताच सुधारता येतो.

सहावी पायरी: किनाऱ्यावरून पायलटगिरी

यानंतर पायलट हजारो किलोमीटर दूर खुर्चीत असतो. ग्लायडर दर काही तासांनी वर येतो, ठिकाण कळवतो, फाइल पाठवतो, नवी आज्ञा घेतो आणि जातो. पाण्याखाली त्याला जीपीएस नाही. कुठे निघायचं होतं आणि कुठे निघाला, यातला फरक म्हणजे त्या बुडीतल्या सरासरी प्रवाहानं दिलेला धक्का. हा उपपदार्थ फार कामाचा आहे, तो जपून ठेवा.

ध्रुवीय समुद्रतळाचे नकाशे अजून विरळ आहेत. नकाशात सहाशे मीटर असेल तिथे साडेचारशेवर तळ लागू शकतो. म्हणून तळ जवळ आल्याचं सांगणारा आल्टिमीटर चालू ठेवा, बॅटरी थोडी गेली तरी चालेल.

खरी डोकेदुखी बर्फाची. रोज उपग्रहाची रडार चित्रं पाहायची, वाऱ्याचा अंदाज पाहायचा. पहाटे तीनला फोन वाजतो, दोन तास उलटूनही ग्लायडरनं हाक दिलेली नाही, आणि वाऱ्यानं बर्फाचं एक पान रेषेवर सरकलेलं असतं. अशा वेळी त्याला स्वतः निर्णय घेता यावा लागतो. अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रातल्या आर्गो फ्लोटसाठी बसवलेला नियम असा, की वर येताना ५० ते २० मीटरमधल्या तापमानाचा मध्यांक उणे १.७९ अंशांखाली असेल तर वर बर्फ आहे असं धरून परत फिरायचं. ग्लायडरलाही असा नियम देता येतो. पण आकडा जसाच्या तसा उचलू नका. आर्क्टिकमध्ये वरच्या पाण्याची क्षारता ३० च्या आसपास असेल तर ते उणे १.६ जवळच गोठतं, आणि वेडेलचा आकडा तिथे तुम्हाला सावधच करणार नाही.

बर्फाखाली जायचं असेल तर

पहिल्या मोहिमेत जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत. पण जमतं. ग्रीनलंड आणि कॅनडामधल्या डेव्हिस सामुद्रधुनीत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटानं सीग्लायडर बर्फाखालून चालवले. २०१८ मध्ये सीग्लायडर अमुंडसेन समुद्रातल्या डॉट्सन आइस शेल्फखाली जाऊन परत आले.

तिथे जीपीएसची जागा आवाज घेतो. नांगरलेले ध्वनिस्रोत ठरलेल्या वेळी शीळ घालतात, डेव्हिस सामुद्रधुनीत ती ७८० हर्ट्झची होती. ग्लायडर ती ऐकतो, किती सेकंद लागले ते मोजतो आणि अंतर काढतो. थंड पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४४० मीटर धावतो. म्हणजे घड्याळ एका सेकंदानं चुकलं की जागा दीड किलोमीटरनं चुकली. घड्याळं मोहिमेच्या आधी आणि नंतर जुळवून त्यांची चूक लिहून ठेवणं हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळं त्यावर उभं आहे. शिवाय किती दिवस संपर्क नसेल तर कुठल्या दिशेला वळायचं, किती बॅटरी उरली की परतायचं, हे आधीच त्याच्या डोक्यात भरावं लागतं. एवढं करूनही यंत्र जाऊ शकतं. गोथेनबर्ग विद्यापीठाची ‘रान’ ही मोठी स्वयंचलित पाणबुडी २०२४ मध्ये डॉट्सनखालूनच परतली नाही.

परत घेण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लहान होडी, शांत समुद्र, आणि अँटेनाला धरून ओढायचं नाही.

शेवटची पायरी: आकडे धुऊन घेणं

वेळापत्रकात मोहिमेइतकाच वेळ इथे ठेवा. सर्वांत आधी क्षारता. ती थेट मोजत नाहीत, वाहकता आणि तापमान यांवरून काढतात. थंड थरातून कोमट थरात शिरताना काचेची नळी आधीची थंडी काही सेकंद धरून ठेवते, आणि तापमापक मात्र नवं तापमान सांगत असतो. दोघांची वेळ जुळली नाही की क्षारतेत खोटे काटे उठतात, जड पाणी हलक्यावर बसल्यासारखं दिसतं. हिवाळी थंड थर आणि खालचं कोमट पाणी यांची सीमा धारदार असते, म्हणून ध्रुवीय पाण्यात हा दोष ठळक दिसतो. ओळखायचा असा: एकाच ठिकाणची उतरतानाची आणि चढतानाची रेघ एकावर एक ठेवा. हा दोष दोन्ही रेघांत उलट्या दिशांना पडतो. दोन्ही रेघा जुळेपर्यंत दुरुस्तीचे स्थिरांक हलवा. मग जहाजाच्या सीटीडीशी पडताळा.

त्यानंतर समुद्राच्या पाण्यासाठीच्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय सूत्रांनी घनता आणि गोठणबिंदू काढा. उष्णता शून्य अंशापासून मोजू नका, त्या खोलीच्या गोठणबिंदूपासून मोजा, कारण बर्फाला तेवढीच कामाची. घनतेच्या उतारावरून प्रवाहाचा खोलीगणिक फरक निघतो, आणि आधी जपलेला सरासरी प्रवाह त्यात घातला की खरा वेग मिळतो. वेग गुणिले उष्णता, रेषेच्या लांबीवर बेरीज, म्हणजे दरीतून किती ऊब आत गेली ते उत्तर. भरती-ओहोटी मात्र आधी वजा करायला हवी. भूखंडमंचावर तिचा जोर कधीकधी मूळ प्रवाहापेक्षा जास्त असतो, आणि सहा तासांची बुडी तिच्या अर्ध्या फेऱ्याशी जुळते.

एका हंगामाच्या आकड्यांवरून समुद्र तापला असं लिहू नका. खोल पाण्यातला दीर्घकालीन बदल अनेक ठिकाणी दशकाला अंशाच्या शंभराव्या भागांत असतो, आणि सेन्सरची घसरणही तेवढीच असू शकते. म्हणून कच्च्या फायली, तोलाच्या नोंदी, घड्याळाची चूक, मोहिमेआधीचं आणि नंतरचं कॅलिब्रेशन, सगळं दुरुस्त केलेल्या आकड्यांसोबतच सार्वजनिक भांडारात ठेवा. आणि दुरुस्तीचे स्थिरांक वेगळ्या फायलीत, कुठल्या बुडीला कुठला लावला त्या क्रमांकासह, म्हणजे दहा वर्षांनी त्याच दरीत ग्लायडर सोडणाऱ्याला ते उलटे काढून नव्यानं लावता येतील.